भरलेल्या नांग्या

संशोधन केंद्राच्या शेवटच्या टोकाला, पंपघराच्या मागं, टोमॅटोचा एक प्लॉट होता आणि तो मरावा म्हणूनच लावलेला होता. सोळा ओळी, ओळीत वीस, एकूण तीनशेवीस झाडं. मर हा रोग लागलेली जुनी झाडं ठेचून, वाटून त्यांचं पाणी प्रत्येक बुंध्याशी मोजून ओतलं होतं, म्हणजे जमीन मुद्दाम आजारी केली होती. प्लॉटला एकच फाटक. फाटकाशी फिनेलचं पसरट घमेलं. त्यात बूट बुडवल्याशिवाय आत जायचं नाही आणि बाहेरही यायचं नाही.

या प्लॉटवर जो माणूस होता त्याला सगळे कॅलेंडर म्हणत. कोणता वाफा कधी पेरला, पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, हे तो कागदाकडं न बघता सांगायचा. साहेब लोक स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा यालाच विचारून घरी जातात, असं मुकादम म्हणायचा. बारा वर्षं तो रोजंदारीवर होता. केंद्राच्या कुंपणालगत एक खोली मिळाली होती; काम आहे तोवर खोली. या हंगामात पहिल्यांदा त्याचं नाव कायम करायला वर गेलं होतं. एकच जागा होती आणि एकच नाव गेलं होतं. घरात त्या गोष्टीवर कोणी मोठ्यानं बोलत नसे, नाट लागेल म्हणून.

आणि लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यात तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून त्याला खोलीत आणून टाकला.

मुकादम बघायला आला. खाटेच्या कडेला बसला, प्लास्टरवर बोटानं टकटक केलं.

"कॅलेंडर भिंतीवरून खाली पडलं म्हणायचं," तो हसला. मग घसा साफ करून म्हणाला, "काम थांबायला नको बाबा. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? माझा भाचा रिकामाच आहे."

"काम थांबणार नाही. ही जाईल," कॅलेंडर म्हणाला.

ही म्हणजे त्याची बायको. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिचं माहेर शिंप्याचं. सुई-दोरा म्हणाल तर डोळे मिटून ओवील, पण खुरपं तिच्या हातात बारा वर्षांत नीट बसलं नव्हतं. तिनं लावलेलं रोप नेहमी एका बाजूला कलायचं आणि त्यावरून नवरा तिला कायम चिडवायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं खाटेवरूनच तिची शिकवणी घेतली.

"ऐक. बाप रानटी टोमॅटो. फळ बोराएवढं, तोंडात घालवत नाही, पण मर लागली तरी मरत नाही. आई आपली बाजारातली. फळ हे एवढं, पण मर लागली की तीन दिवसांत आडवी. मॅडमनी दोघांचं लग्न लावलं. पोरं झाली ती सगळी जगली. त्या पोरांची पोरं म्हणजे ही तीनशेवीस. नातवंडं. काही आजोबावर गेलीत, काही आजीवर."

"आणि आपण यांची बाळंतपणं करायची."

"बाळंतपणं नाही, मयत," तो म्हणाला. "लावायच्या आधी प्रत्येकाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा मॅडमनी काढून नेलाय. पानात सगळं लिहिलेलं असतं, आजीकडून काय आलं, आजोबाकडून काय आलं. आता कोण मरतं आणि कोण जगतं ते बघायचं. जगलेल्या सगळ्यांच्या पानात जे आहे आणि मेलेल्यांच्या पानात नाही, तेच मरीला अडवतं. तेवढं सापडलं की बास."

"मग मेलेल्यांचं काय करायचं?"

"काही नाही. हात लावायचा नाही. उपटायचं नाही. झाड बसलं की लाल दोरा बांधायचा आणि जागेवर वाळू द्यायचं. मेलेली तेवढीच कामाची आहेत. पाटी हलवायची नाही. पाटीवरचा नंबर म्हणजे त्याचं नाव."

"दोरा बांधायचं काम मला येतं," ती म्हणाली.

ती जायला लागली. सकाळी झाडं टवटवीत दिसायची. ऊन चढलं की त्यातल्या एखाद्याचा शेंडा मान टाकायचा, पान हिरवंच, पण लोंबतं. दुसऱ्या दिवशी सगळं झाड बसलेलं. नवऱ्यानं सांगितलं होतं तसं ती खात्रीसाठी त्याची एक फांदी तिरकी कापून काचेच्या ग्लासात, पाण्यात धरायची. दम धरून बघितलं की कापलेल्या टोकातून पांढुरका धागा पाण्यात उतरायचा, दुधासारखा, सरळ खाली. धागा दिसला की लाल दोरा. पहिल्या दिवशी धागा बघून तिनं ग्लास लांब धरला. आठवड्यानं ती ग्लास एका हातात धरून दुसऱ्या हातानं घाम पुसायला लागली. पावसाचा पत्ता नव्हता, आभाळ पांढरं पडलं होतं, आणि पंपाचं पाणीसुद्धा पाइपातून गरम यायचं. चार वाजता घरी येऊन नवऱ्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, भांडं द्यायचं, भांडं न्यायचं. त्या वेळी तो भिंतीकडं बघत राहायचा आणि तारखा बोलायचा.

"आज लागवडीला तेहेतीस दिवस. किती बसली?"

"आज पाच."

"बरोबर आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, पाचव्या आठवड्यात जोर करेल."

प्रयोग ज्यांचा होता त्या मॅडम शहरात होत्या, ती पानं घेऊन प्रयोगशाळेत बसल्या होत्या. नंबर त्या स्वतः आल्यावर वाचणार होत्या. तोवर दोरा हीच वही.

घरात तिसरं माणूस म्हणजे म्हातारी, कॅलेंडरची आई. आयुष्यभर लोकांच्या शेतात रोपं लावून तिची कंबर अशी वाकली होती की ती नुसती चालत असली तरी काम करतेय असं वाटायचं. तिच्या हातचं रोप मरत नाही असं आसपासच्या सगळ्या गावांत म्हणत. प्लॉट लावून झाल्यावर उरलेली रोपं खड्ड्यात टाकायला सांगितली होती. म्हातारीनं ती खड्ड्यातून वेचून आणून खोलीमागं पत्र्याच्या डब्यांत लावली होती. मुलगा ओरडला तेव्हा म्हणाली, "जिवंत रोप फेकतात होय रे? तुला फेकला होता का मी?"

म्हातारी दुपारी फाटकाशी सावली धरून बसायची आणि सुनेनं दोरा बांधला की तोंड फिरवायची.

"आणखी एक?"

"आणखी एक."

"पाणी जास्त देऊन बघ."

"आई, मरायलाच लावलंय ते."

"असं कोणी लावत नाही," म्हातारी म्हणायची, आणि त्यापुढं तिच्यापाशी बोलण्यात अर्थ नसायचा.

एकदा मुकादम तिथून गेला. फाटकाच्या पलीकडं थांबून त्यानं प्लॉटवर नजर फिरवली. त्याला सगळं माहीत होतं, पण जीभ खाजत असली की माणसाला राहवत नाही.

"काय म्हातारे, तुझ्या पोराच्या शेताला टक्कल पडलं की! वर नाव गेलंय म्हणतात त्याचं. कशावर?"

म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. उभ्या आयुष्यात तिच्या लावणीत एक नांगं राहिलं नव्हतं. ओळीत मेलेल्या रोपाची मोकळी जागा दिसली की मालक मजुराच्या आईचा उद्धार करतात, हे तिनं ऐकलं होतं, आणि तिच्या आईचा कोणी केला नव्हता.

सहाव्या आठवड्यात कॅलेंडरला ताप भरला. गाडी करून बायकोनं त्याला इस्पितळात नेलं. हाड सरकलं होतं. प्लास्टर कापलं, हाड परत ओढून बसवलं, परत प्लास्टर. चार दिवस ती इस्पितळाच्या फरशीवर बसून होती. निघताना तिनं सासूला एवढंच सांगितलं होतं, "पाणी द्या आणि कोणाला आत सोडू नका." मेलेल्या झाडांचं सांगायचं राहून गेलं. म्हातारीला ते दहादा सांगून झालं होतं, म्हणून राहून गेलं.

परत आल्या दिवशी नवऱ्याला खाटेवर टाकून ती तशीच प्लॉटवर गेली. बूट बुडवले, फाटक उघडलं आणि आत पाय टाकून उभी राहिली.

सोळा ओळी भरलेल्या होत्या. मधेमधे वाळलेल्या काड्या आणि लाल दोरे होते तिथं आता हिरवी रोपं होती, सरळ, बुंध्याशी माती थापलेली, आळं केलेलं. प्रत्येकाच्या गळ्यात जुनी पाटी, छान गाठ मारून. लाल दोरे फक्त चार दिसत होते, ते गेल्या दोन दिवसांत बसलेल्या झाडांना म्हातारीनंच बांधले होते.

म्हातारी कडेला खुरपं पुसत बसली होती. चार दिवसांत ती आणखी वाकली होती, पण चेहरा उजळला होता.

"आई, हे काय केलंत?"

"नांग्या भरल्या. चार तेवढ्या राहिल्या, डब्यातली रोपं संपली."

"दोरे कुठं आहेत?"

"मेलेल्या काड्यांबरोबर चुलीत. पाण्याला कढ आला त्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता येऊ दे त्या मुकादमाला."

सून खाली बसली. तिला ओरडायचं होतं, पण समोर सत्तरीची बाई होती, जिनं चार दिवस उन्हात गुडघ्यावर रांगत मुलाची लाज झाकली होती. बोटांची नखं मातीनं फाटली होती. काय बोलणार? घरी जाऊन नवऱ्याला सांगावं, असं तिनं ठरवलं आणि ती उठली.

खोलीत मुकादम बसला होता. "यादी उद्या साहेबांच्या सहीला जातेय," तो कॅलेंडरला सांगत होता. "त्याआधी प्लॉटवर चक्कर मारतील. सगळं ठीक आहे ना?"

कॅलेंडरनं बायकोकडं पाहिलं. त्याचे डोळे तापानं लाल होते.

"ठीक आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बूट बुडवायला नकोत म्हणून फाटकाबाहेरूनच पाहिलं. "छान ठेवलाय," म्हणाले आणि गाडीत बसले. मर-प्लॉट छान दिसायला नको, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. असे साहेब असतात. ती मात्र त्या एका शब्दात अडकली. आता सांगितलं तर छान म्हटलेलंही अंगावर येणार. आज सांगू, उद्या सांगू करत तिनं तोंड शिवलं, आणि नवऱ्यानं रोज विचारलं की किती बसली, तर ती एक म्हणायची, दोन म्हणायची, कारण तेवढी खरंच बसत होती.

नवव्या आठवड्यात मॅडम आल्या. किरकोळ बाई, डोळ्यांखाली काळं, हातात जाड वही. आधी खोलीत येऊन त्यांनी कॅलेंडरची चौकशी केली, मग त्याच्या बायकोला घेऊन प्लॉटवर गेल्या. ओळीओळीनं नंबर वाचत, दोरे मोजत गेल्या. सत्तावीस.

"सत्तावीसच?" त्या थांबल्या. "ऐंशीच्या आसपास मरायला हवी होती, वहिनी. चारातलं एक. कधीच चुकत नाही ते." मग खाली बसून एका झाडाचं पान उलटं करून पाहिलं. "आणि ही अशी बुटकी का? ही बसली होती का मध्ये?"

खोटं बोलणं त्या क्षणी सोपं होतं. मॅडमनी उत्तरसुद्धा हातात आणून दिलं होतं, फक्त मान हलवायची होती. तिनं हलवली.

"बसली होती. मग उठली."

"उठली? म्हणजे मर लागून बरी झाली?"

"हो. आजारातून उठलीत, म्हणून खुरटलीत."

मॅडम मातीतच बसल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बघितलंय? असं कोणी बघितलेलं नाही. मरीतून झाड उठत नाही. उठत असेल तर..." त्या उठल्या. "अशी किती? दाखवा मला."

तिनं डोळ्यांना खुरटी दिसली ती दाखवली. नातवंडं होती, सारखी नव्हतीच. काही गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी. तिला त्यातली नेमकी कुठली सासूची, हे ठाऊक नव्हतं. सव्वीस दाखवली. मॅडमनी त्या सव्वीसांचं पान पुन्हा काढलं, नव्या नळ्यांत घातलं. जाताना खोलीत डोकावून कॅलेंडरला म्हणाल्या, "कॅलेंडरभाऊ, तुमच्या बायकोचे डोळे सोन्याचे आहेत. मी वर तसं लिहिणार आहे."

तो दिवसभर हसत होता. बायको तेच भांडं परत परत घासत होती.

तीन आठवड्यांनी मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनी वही आणली नव्हती. कॅलेंडरचं प्लास्टर गुडघ्याखालचं तेवढं काढलं होतं, तो काठ्यांवर दारापर्यंत येत होता. मॅडम खुर्चीवर बसल्या. पाणी दिलं ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"तुम्हाला सांगायला आले. प्रयोग बंद करतेय."

"का?" कॅलेंडर म्हणाला.

"आधीचं पान आणि आताचं पान जुळत नाही. सव्वीसच्या सव्वीस. एका झाडाचं पान लहानपणी काढा, म्हातारपणी काढा, आतला मजकूर तोच असतो. हे म्हणजे माणूस घरातून एक गेला आणि परत दुसराच आला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "नळ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली असणार, आधीच. म्हणजे तीनशेवीसमधली कुठलीच नळी खरी धरता येत नाही. साहेबांनी मला चार लोकांसमोर विचारलं, तुम्हाला नंबर वाचता येतात ना? दोन वर्षं गेली. प्लॉट सोमवारी उपटून टाकू."

बाहेर म्हातारी काहीतरी पुटपुटत अंगण झाडत होती.

कॅलेंडरनं मान वर केली, पण मॅडमकडं नाही, बायकोकडं पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

"अगं, मागच्या डब्यांतली रोपं कुठं गेली?"

ती पदराला हात पुसायला लागली.

"मी खाटेवरून उठल्यापासून बघतोय. डबे रिकामे आहेत. अकरा डबे होते. मी इस्पितळात गेलो त्या दिवशी गाडीत घालताना पाहिले, तेव्हा भरलेले होते."

"मी लावली," ती म्हणाली. "मीच. मेलेल्यांच्या जागी. मॅडम, तुमच्या नळ्या बरोबर आहेत. मीच खोटं बोलले. झाड कुठलंही उठलं नाही."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, मग ते गेलं.

"तू नाही लावलीस," कॅलेंडर म्हणाला. "तू लावली असतीस तर ती कललेली असती. साहेबांनीसुद्धा ओळखली असती." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "आईनं लावली. तू बघितलंस आणि गप्प बसलीस. माझ्यासाठी?"

तिला रडू आवरलं नाही. "यादी जात होती," एवढंच ती म्हणाली.

"सव्वीसच आहेत का?" मॅडमनी हळू विचारलं. "की आणखी आहेत? सगळ्या प्लॉटची पानं परत तपासायला मला आता मशीन कोणी देणार नाही. कुठली बदललीत ते नेमकं कळलं, तर ती मेलेल्यांत धरता येतील. पाच-दहा तपासून खात्री करीन. नुसत्या अंदाजावर काही होत नाही." मग थोडं थांबून, "आणि भाऊ, मला हे लिहून द्यावं लागेल. प्लॉटवर काय झालं ते, कोणाच्या ताब्यात असताना झालं ते. नाही लिहिलं तर नंबरांना अर्थ नाही."

"माझ्या ताब्यात होता," कॅलेंडर म्हणाला. "लिहा." "यादी अजून वरून आलेली नाही," म्हणत बायकोनं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवली नाही, पण बोलणं थांबवलंही नाही. "नेमकं एकाच माणसाला माहीत आहे. तिनं लावलेलं रोप ती वीस वर्षांनी ओळखते."

त्यानं काठ्या बगलेत घेतल्या आणि दारात जाऊन हाक मारली.

"आई, मॅडमना तू भरलेल्या नांग्या बघायच्यात."

म्हातारीनं झाडू टाकला. आधी ती बिचकली, सुनेच्या रडक्या तोंडाकडं बघितलं, मग मुलाच्या. "रागावल्यात का?"

"नाही. कोणी रागावणार नाही. सगळ्या दाखव. एकही सोडू नकोस."

फाटकाशी चौघांनी पाय बुडवले. म्हातारीनं बूट घातले नव्हते, तिनं अनवाणी पाय घमेल्यात घातले आणि फिनेलनं भेगा झोंबल्या म्हणून हसली. कॅलेंडर बांधावर बसला, घरातली जुनी वही मांडीवर घेऊन. सून लाल दोऱ्याचं रीळ घेऊन पुढं झाली. म्हातारी पहिल्या ओळीत शिरली. झाडाच्या शेंड्याकडं ती बघतच नव्हती; वाकलेल्या कमरेमुळं तिची नजर सरळ बुंध्यावर जायची. हात लावायची, माती चाचपायची, पुढं जायची.

"हे माझं."

सून दोरा बांधायची. मॅडम पाटीवरचा नंबर मोठ्यानं वाचायच्या. कॅलेंडर लिहायचा.

"हे माझं. याचं मूळ तुटलं होतं, तरी धरलं बघा. हे नाही. हे नाही. हे माझं."

ऊन चढत गेलं. मधे एकदा मॅडमनी मुद्दाम, सव्वीसांतलं एक झाड ती ओलांडून गेली तेव्हा तिला थांबवलं. म्हातारी परत आली, बुंधा बघितला आणि कपाळावर हात मारला. "माझंच की. डोळा चुकला. लिही रे." त्यानंतर तिनं एकही चुकवलं नाही. उलट सुनेनं दाखवलेल्या सव्वीसांत नसलेली झाडं ती एकामागून एक दाखवत गेली, कमरेएवढी, फळ धरलेली, कोणालाही संशय न येणारी.

तिला थकवा जाणवत नव्हता. इतकी माणसं आपल्या मागून चालतायत, आपण हात लावला की दोरा बांधतायत, नंबर लिहितायत, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. बाराव्या ओळीशी ती थांबली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून मान वर केली आणि मॅडमना म्हणाली, "याचा बाप असा नव्हता हो. हा कामाला पक्का आहे. मी केलं ते यानं शिकवलं म्हणून केलं."

मॅडमनी मान खाली घातली आणि पुढचा नंबर वाचला.

सोळावी ओळ संपली तेव्हा कॅलेंडरनं मोजलं. चोपन्न, आणि आधीच्या दोऱ्यांत तिचं एकही नव्हतं. मेलेली सत्तावीस आणि ही चोपन्न. मॅडमनी मनातल्या मनात बेरीज केली आणि त्या बांधावर त्याच्या शेजारी बसल्या.

"एक्क्याऐंशी," त्या म्हणाल्या. "ऐंशी यायला हवी होती."

"म्हणजे जमलं?"

"जमलं." त्या त्याच्याकडं बघू शकल्या नाहीत. "सापडेल ते आता."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं, हेच त्याच्या बायकोला सहन होईना. ती रिळावर उरलेला दोरा उगाच गुंडाळत बसली.

म्हातारी ओळीतून बाहेर आली. प्लॉटभर लाल दोरे दिसत होते. तिनं ते कौतुकानं पाहिलं, मग मॅडमच्या अगदी जवळ जाऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाई, वर कळवाल ना? याच्या शेतात एक नांगं राहू दिलं नाही म्हणावं. नाव गेलंय त्याचं."

मॅडमनी कॅलेंडरकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"कळवते, आजी," मॅडम म्हणाल्या. "आजच कळवते."

"ऐकलंस?" म्हातारी मुलाला म्हणाली, आणि त्याला काठी धरून उठवायला तिनं आपला वाकलेला खांदा पुढं केला.